वाई

रात्रपाळी संपली तेव्हा बक्सटनला उजाडत होतं,
म्हणजे राखाडी जरा कमी राखाडी झालं होतं.
तीन वाजून दहा मिनिटांनी ऑलरनशॉबाई गेल्या.
आम्ही दोघींनी त्यांना पुसलं, केस विंचरले,
कवळी परत बसवली,
लिव्हरपूलहून मुलगी यायची होती.

मेरेआना बस स्टॉपकडे वळलीच नाही.
उतारावर थांबली, झऱ्याशी,
जिथे सिंहाच्या तोंडातून पाणी येतं, बारा महिने कोमट,
आणि लोक कॅन घेऊन नंबर लावतात.
इतक्या सकाळी फक्त एक कुत्रा, आणि त्याचा माणूस.
तिनं हात धुतले. डोक्यावरून थेंब शिंपडले.
म्हणाली, तूही.
मेलेल्याला शिवून तसंच घरी जायचं नसतं.

मी का म्हणून विचारलं नाही.
बाबांना पोचवून आलो तेव्हा
आमच्याही दारात बादली होती, कडुलिंबाचा पाला होता.

मग बाकावर बसलो. ती सांगत राहिली:
तिच्याकडे एक झरा आहे,
इतका नितळ की खोली कळत नाही.
त्याला कुणी हात लावत नाही.
पोहणं सोडाच, बोटही बुडवायचं नाही,
काठावर बसून खायचं नाही.

कुणी नाही म्हणजे कुणी? मी विचारलं.
आवाज जरा चढलाच माझा.
कुणीच नाही, ती म्हणाली. मीही नाही. सरदारही नाही.
तिला कळेना, मी एवढी का बघत राहिले.
आमच्याकडे ‘शिवू नका’ला
नेहमी एक पत्ता असायचा.
आजोबा ओंजळ धरून खाली बसायचे,
वरून कुणीतरी ओतायचं,
तांब्या हाताला लागू न देता.

आता वरच्या अंगाला गाई आल्यात, ती म्हणाली,
हजारोंनी, दुधाच्या.
भाऊ दर महिन्याला नायट्रेटचे आकडे पाठवतो.
पाण्याला हात न लावताही हात लावता येतो.

तुझं गाव कोणतं गं?
वाई, म्हटलं. कृष्णाकाठी.
ती एवढी हसली की कुत्रं भुंकलं.
आमच्या भाषेत वाई म्हणजे पाणी!
आणि वाई म्हणजे कोण, तेही.
को वाई कोए, तू कोण?
ऐकणाऱ्याला वाटावं, विचारतायत,
तू कुठलं पाणी?

बस आली. ती गेली.
मी सिंहापुढे ओंजळ धरली.
वाकावं लागलं.
वर कुणी नव्हतं, नुसता दगड,
आणि पाणी, न मोजता.

ऑलरनशॉबाई रोज याच झऱ्याचं मागायच्या.
आम्ही नळाचं द्यायचो,
‘झऱ्याचंच आहे हो’ म्हणत.
त्या एक घोट घ्यायच्या, माझ्याकडे बघायच्या,
थँक्यू म्हणायच्या.

त्यांचा चोचीचा प्याला
चुकून माझ्याच पिशवीत आलाय.
काढला. विसळला.
काठोकाठ भरला,
आणि कुठे ठेवावा, कळेना.