तीस सेकंद

पासो ओंदो. उरुग्वेच्या नकाशावर
बोट ठेवलं की झाकलं जाणारं गाव.
तिथे आम्ही अकरा आठवडे राहिलो.
कॅमेरा इर्माकडे, माझ्याकडे माइक,
त्याच्या केसाळ टोपीकडे बघून
पोरं विचारायची, चावतं का?

घडत काही नव्हतं. म्हणूनच तर आलो होतो.
पाव भाजले जात. दुपारी दुकानं पेंगत.
संध्याकाळी फाटकाशी खुर्च्या टाकून माते,
एकच नळी सगळ्यांच्या ओठांतून फिरे
आणि तिच्याबरोबर एकच बातमी.

प्रत्येक घरातून निघताना मी सांगायचो,
आता तीस सेकंद कुणी बोलायचं नाही.
तुमच्या खोलीची शांतता घेऊन जायची आहे,
दोन वाक्यांमधली फट बुजवायला लागते.
"आणि तिचे पैसे?" देल्मिरानं विचारलं होतं.

मूग गिळा म्हटलं की घशाशी हसूच येतं.
शाळेच्या बाई बाराव्या सेकंदाला फुटल्या.
पोस्टमनला शिंक आली, मग त्याच्या कुत्र्याला.
फक्त वॉशिंग्टन ऑलिवेरा
(हो, हेच नाव, इथल्या बापांना मोठी नावं आवडतात)
बुटाचा तळ मांडीवर घेऊन बसून राहिला.
तोंडात खिळे धरून गप्प राहायची
त्याला जन्माची सवय.

जुलैच्या थंडीत फिल्म घेऊन परत गेलो.
क्लबच्या भिंतीवर चादर.
स्वतःचे चेहरे बघून लोक अवघडले,
कुणी आपलं टक्कल पहिल्यांदाच मागून पाहिलं.
मग पडदा काळा झाला, नुसती घरघर,
आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं,
"अरे, हा तर आमचा फ्रीज!"

वॉशिंग्टन मार्चमध्ये गेला होता.
आम्ही खुर्च्या उचलत असताना एल्सा आली.
फिल्म नको म्हणाली, तीत तो फार बोलतो.
ते दुसरं ऐकव. खिळ्यांचं.

हेडफोन तिच्या कानांवर ठेवला.
लांबून जाणारी मोटरसायकल. भिंतीवरचं घड्याळ.
आणि त्याच्या नाकातली ती बारीक शिट्टी.
एल्साचं उजवं कोपर हललं,
किंचित, झोपेत ढोसावं तसं.

एकतिसाव्या सेकंदाला माझा आवाज येतो,
"झालं. आभारी आहे."

तेवढं काप, म्हणाली.