उकिडवी

ब्रॅडफर्डला मोटारतळासाठी खणताना
चर्चचं जुनं आवार लागलं, एकशे बारा माणसं निघाली.
त्यातली ही सत्तेचाळीस नंबरची
गेल्या मंगळवारपासून माझ्या टेबलावर आहे.
बाई. चाळिशीच्या आतबाहेर.
दाढा झिजलेल्या, खालची एक किडलेली,
मणक्यांत ओझ्याच्या खुणा.
एवढं फॉर्मवर लिहून झालं,
मग मी तिची नडगी दिव्याखाली आडवी धरली.

खालच्या टोकाला, पुढच्या कडेशी,
नखाएवढी गुळगुळीत जागा.
घोट्याचं हाड आणून तिथे टेकवलं,
डबीला झाकण बसावं तसं बसलं.

ही बाई उकिडवी बसायची.

एकदोनदा नव्हे. वर्षानुवर्षं,
पाय पुरते मिटून, टाचा जमिनीला,
इतकी, की हाडाला हाड भेटून भेटून
दोघांनी आपापसात जागा ठरवून टाकली.
रक्तातून कमी, बसून जास्त येतं हे,
असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

लेक्चरच्या खोलीत भिंतीवर ते चित्र आहे:
पहिला वाकलेला, दुसरा जरा कमी,
शेवटचा ताठ, हातात भाला.
दोन पायांवर उभं राहिल्याचं
केवढं कौतुक आपल्याला!
त्या रांगेत कुणीही बसलेलं नाही.
विस्तव कुणी फुंकला, कातडं कुणी खरवडलं,
पोर कुणी कसं जन्माला घातलं,
पत्ता नाही.
सगळे नुसते चाललेत, डावीकडून उजवीकडे.

कॅलम म्हणाला, दाखवा ना कसं बसतात.
तो आधी स्वतःच बसून बघत होता,
टाचा सुटल्या आणि मागच्या मागे कपाटावर गेला.
बेरिल म्हणाली, माझे काका बसायचे असे,
बार्न्सलीचे, कोळशाच्या खाणीतले.
बसस्टॉपवर बाक रिकामा असला तरी
भिंतीला पाठ लावून, असेच.

मग मी बसले.
लॅबच्या गार लिनोलियमवर,
पांढरा कोट गुडघ्यांत खोचून.

तिथून टेबलाची खालची बाजू दिसते,
कुणीतरी च्युइंगम चिकटवलेली.
आणि नवसादराचा धूर, एकदम, नाकात.

बार्शीच्या तांबट आळीत अण्णा बसायचे,
एका हातात भाता, एका हातात सांडशी,
निखाऱ्यावर पातेलं फिरवत.
सकाळी बसले की दुपारी दीडला उठायचे.
लहानपणी मला वाटायचं
अण्णांची उंची एवढीच.

अण्णा गेले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला.
तिसऱ्या दिवशी भाऊ सावडून आला.
तांब्याच्या कलशात (हसले असते अण्णा,
आतून कल्हई नव्हती)
जे काय होतं ते चालताना बारीक वाजत होतं.
मी नमस्कार केला.
आत पाहिलं नाही.
तेव्हा वाचता येत नव्हतं मला.
असेलही ते वर, अगदी वरच,
आवळ्यापेक्षा थोडं मोठं,
एका कडेला गुळगुळीत.
भीमेत सोडलं.

उठताना माझा डावा गुडघा कुरकुरला.
बेरिलने हात दिला, काही विचारलं नाही.

फॉर्मवर या खुणेसाठी एकच चौकोन आहे,
आहे किंवा नाही.
मी 'आहे'वर खूण केली.
शेऱ्याच्या रकान्यात 'काम?' असं लिहिलं,
प्रश्नचिन्ह जरा मोठंच पडलं.
मग टूथब्रश ओला करून
तिच्या डाव्या पायाकडे वळले.
उजव्याला आहे म्हणून
डाव्याला असेलच, असं नसतं.