अंड्यांची वही

नऊ वाजता ताटल्या बाजूला सारून
आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर शाळा मांडतो.
बाहेर नॉर्थ डाकोटा: उणे बावीस,
आणि क्षितिजापर्यंत नजरेला आडवं येईल
असं एकही झाड नाही.

एल्डन बारा वर्षांचा. कवितेचा कागद
फिरवून फिरवून बघतो, इंजिनाचा सुटा भाग असल्यासारखा.
"हिला म्हणायचंय काय?
मग सरळ म्हणत का नाही?"
मी उपमांखाली निळी रेघ मारते, यमकांखाली हिरवी,
मार्गदर्शिकेत सांगितलंय तशी.
टेबलाखाली धाकटी इंग्रिड
एकच शब्द चघळत बसलेली असते
लिमलेटच्या गोळीसारखा.

आज दहा ओळी लिहायच्या होत्या. विषय हिवाळा.
त्यानं चार लिहिल्या, चारही उसन्या.
पांढरी दुलई वगैरे.
मी "छान" म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि बूट घालून
खुराड्याकडे निघून गेला.

रात्री हिशेबासाठी अंड्यांची वही उघडली.
कोंबड्यांचं खातं त्याच्याकडे असतं.
सोमवार, नऊ.
मंगळवार, आठ.
बुधवार, कोल्हा येऊन गेला. सहा.
गुरुवार, सहा. तपकिरीची जागा रिकामी आहे.
बाकीच्या दाटीवाटीनं बसतात,
पण तिथे बसत नाहीत.

हात आपसूक निळ्या पेन्सिलीकडे गेला.
मग वाटलं, नको.
खूण केली, तर तोही
तिथे पुन्हा बसायचा नाही.

बेरीज तेवढी तपासली.
एक अंडं कमी धरलं होतं.