मुंग्या आल्या नव्हत्या

ओदील म्हणाली होती, मी नाही सांडलं.
अकरा वर्षांची. मांडीवर ट्रॉम्बोनची पेटी,
आणि खिडकीबाहेर हात काढून
मोजे पिळत होती.
तिनं पाय हलवला की
पुढच्या सीटखालचा गालिचा चपचप वाजायचा.

मी म्हणालो, मग कोण सांडतं? मी?
शाळेसमोरच्या टपरीवरून रोज बर्फाचा गोळा,
निळा,
अर्धा तुझ्या पोटात, अर्धा माझ्या गाडीत.
ती म्हणाली, मग मुंग्या कुठे आहेत, बाबा?
मी म्हणालो, उलट बोलू नकोस.

तीन दिवस गोळा बंद.
तीन दिवस ती मागे बसली.
आरशात नुसता भांग.

ऑगस्ट चालू होता. नॅकटिश गावात या दिवसांत
हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते,
केन नदी तर वाहायचं कधीच सोडून बसलीय.
आमच्या जुन्या ब्यूइकनं वळण घेतलं
की डॅशबोर्डच्या आत
कुणाच्या तरी कमरेवरची कळशी हिंदकळायची.
ऐकू येत होतं मला. मी रेडिओ मोठा केला.

शेजारचे शेवालिए, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त,
कॉफीचा मग घेऊन कुंपणाशी आले,
वाकून गाडीखाली बघितलं,
म्हणाले, फर्डी, एवढ्या उकाड्यात एसी चालतो
आणि खाली एक थेंब नाही?
पाणी कुठेतरी मुरतंय.

म्हणाले, तार नको घालूस, आतलं काळीज फाडशील.
गवत कापायच्या यंत्राची दोरी घे, नायलॉनची.

फ्रिजचं खोकं उलगडून मी त्यावर उताणा झालो.
जॅक, खाली दोन ओंडके, चाकांना विटा.
आगभिंतीतून बाहेर आलेलं रबराचं कोपर,
करंगळीएवढं.
दोरी दोन बोटं गेली आणि अडली.
फिरवली. ढकलली. शिवी दिली.
तोंडावर माती पडली, कोरडी,
आणि तिच्या मागोमाग
सगळं.

तीन आठवड्यांचं पाणी होतं ते.
बाहीतून काखेत, कानात, कानातून मानेखाली,
गार, कुजकट, तळघराच्या वासाचं.
मी बाजूला झालो नाही.
का, ते सांगता येणार नाही.
खोक्यावरची अक्षरं पाठीखाली विरघळली.

मग चाखलं. हो, जिभेचं टोक लावलं,
आणि थुंकलो.
गोड नव्हतं.

दोरीच्या टोकाला तिचं घर:
कुंभारीण. चिखल तोंडात धरून आणलेला,
लिंपून लिंपून गोल केलेला,
एका बाजूनं फुटला होता, आतून कोळ्याचा पाय.
जूनमध्ये गाडी आठ दिवस उभी होती अंगणात
तेव्हा तिला वाटलं असेल, बरी जागा आहे,
कुणी राहत नाही इथे.

हाक मारली. ओदील पायरीवर आली, पुढे येईना.
मी भिजलेला, केसांत माती,
हातावर ते ढेकूळ.
जे बोलायचं ते ओठांपर्यंत आलं
आणि मी म्हणालो,
हे बघ, हे होतं नळीत.

ती उकिडवी बसली. बोटानं फुटकी बाजू उघडली.
कोळी मोजले: सात.
यातले काही अजून हलतायत, म्हणाली,
आणि ही पांढरी अळी. हिचं आता काय होणार?
मला माहीत नव्हतं.
गाडीखाली टप, टप, टप
सिमेंटवर एक काळा डाग वाढत होता.
कुठूनशी एक मुंगी आली,
काठाशी थांबली, मिशा हलवल्या,
आणि वळून निघून गेली.

ओदीलनं माझ्याकडे बघितलं.
मी मुंगीकडे.

संध्याकाळी टपरीवर गेलो. ती पुढे बसली,
बूट हातात, अनवाणी.
अजून ओलंय, म्हणाली.
वाळेल, मी म्हणालो.
तिनं निळा घेतला. मलाही निळाच घेतला, न विचारता,
आणि घरी पोचेपर्यंत
आम्ही दोघांनी एक थेंब सांडला नाही.