हुबळीच्या एजंटाला, पावतीच्या मागे

हिरेकुरबरसाहेब,
फोनवर तुम्ही विचारलंत,
हा लाकडी माल पुन्हा पन्नास नग कशाला.
समोर गिऱ्हाईक होतं, बोलता आलं नाही.
तुम्ही मराठी सावकाश वाचता,
म्हणून ओळी तोडून लिहितोय.

मान्य, सगळं मान्य.
त्यातला लाल पट्टेवाला गुडघा न वाकवता चालतो,
गोकाकच्या जत्रेतला शिपाई जसा.
उडी घेताना आधी वर जातो,
पाय मागाहून उचलतो,
कुणी आठवण करून दिल्यागत.
बाईची वेणी तिच्याच खांद्यातून आरपार जाते.
आणि हरलेला गडी पडतो कुठला,
आडवा ठेवला जातो,
रात्री मी दुकानाची फळी ठेवतो तसा.

तालमीतला भरमा सांबरेकर पहिल्या दिवशी
एवढा हसला की सोडा नाकातून आला.
"ह्याला लंगोट दिला कुणी?
पाय तर भुईला लागंनात ह्याचे!"
शटर अर्धं ओढलं तरी तोच खेळत बसला होता.

तुम्ही पाठवलेला दुसरा, देखणा,
ज्याच्या डब्यावर घामाचा थेंबन् थेंब मोजता येतो,
तोही लावला मी मोठ्या पडद्यावर.
माणसं थांबली. वा म्हणाली.
मग खेळायला बसली.
बटण दाबलं की तो गडी
खांदा मागे नेतो, कमरेत वळतो,
छाती भरून श्वास घेतो, केस सावरतो,
आणि तोवर मार खाऊन मोकळा होतो.

लाकड्याला असली नाटकं येत नाहीत.
बोट खाली, ठोसा बाहेर.

वडगावचा ओमाण्णा पाळी सुटली की येतो,
कानांत मागाचा खडखडाट तसाच.
त्याला म्हटलं, तुला ही बेढब चाल खुपत नाही?
पडद्यावरची नजर न काढता म्हणाला,
"धोटा दिसतो कसा, हे कोण बघतंय?
वेळेवर परत आला म्हणजे झालं."

अजून एक. हा खेळ एकटा माणूस सहसा नेत नाही.
दोघं येतात, निम्मे निम्मे पैसे काढतात,
डबा कुणाच्या घरी राहणार यावर दारातच भांडतात.
आमचा श्रीधर अन् बसलिंग.
एकाला कन्नड येतं बाजारापुरतं,
दुसऱ्याला मराठी, शिव्यांपुरती.
बसलिंग ओरडला, "होडी, होडी!"
त्याच्या भाषेत, मार.
श्रीधर पडद्यावर होडी शोधू लागला,
मागच्या चित्रात नदी होती ना.
तेवढ्यात मेला.
आता तोही होडीच म्हणतो,
ठोसा मारताना, चहा सांगतानासुद्धा.

माझं विचाराल तर,
उताऱ्यावर आईचं नाव चुकलंय.
एक अक्षर. तिसरा अर्ज आहे.
काय सुबक हालतात हो तिथली माणसं!
चष्मा काढतात, काचेवर फुंकर घालतात,
रुमालाची घडी उलगडतात, पुसतात, परत घडी घालतात,
फाइलीचं टोक दोन बोटांत धरून किंचित उचलतात,
एकही सांधा अडखळत नाही.
मग म्हणतात, सोमवारी या.
त्या दिवशी दुकान उघडलं
आणि लाल पट्टेवाल्याला घेऊन बसलो.
अकरा लढती हरलो.
पण दर वेळी दाबलं, की काहीतरी झालं.

तर पन्नास पाठवा.
देखणे पाचच, खिडकीत मांडायला.
आणि कंपनीवाले गुडघे दुरुस्त करणार आहेत असं ऐकतो,
खरं असेल तर आधी कळवा,
जुने असतील तेवढे सगळे मी उचलतो.

मोनाप्पा मुचंडीकर
खडेबाजार, शहापूर

ता. क. मागच्या खोक्यात दोन डबे रिकामेच निघाले.
तेही विकले गेले.
एक परत आला.