सेकंदाला बारा

चेंबूरला, पॅथॉलॉजी लॅबच्या वर आमचा स्टुडिओ.
खाली लोक रक्त देऊन जातात, कोपरात कापूस दाबून.
वर हवालदार रेवाळे आठवण देतात,
तीही उपाशीपोटी. चहा नको म्हणतात. आधी संपू दे.

सत्त्याऐंशी साल. जाफना.
"झाडं होती," ते म्हणतात,
आणि मी खिडकीबाहेर दिसतात तसे दोन माड काढते.
"माड नव्हेत हो बाई. ताड.
माड घरचा. ताडाखाली उभं राहिलं
तर सावलीसुद्धा शिधा मोजून द्यावा तशी."
मी खोडते, रबराचा चुरा फुंकरते.
तो त्यांच्या बाहीवर पडतो. झटकत नाहीत.

सेकंदाला बारा चित्रं लागतात.
पापणी मिटायला तीन.
माणूस पडायला किती धरू, मी विचारलं,
कामाचा प्रश्न म्हणून.
"पडला नाही तो. बसला.
यष्टीची वाट बघत बसतात ना, तसा."

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये विहीर डावीकडे,
तिसऱ्यात उजवीकडे.
कुठली खरी?
"दोन्ही काढा. मी दोन्हीकडनं गेलोय."

रक्ताला लाल दिला तर हसले.
"रात्र होती ना. रात्री ते मोटारीच्या तेलासारखं."

आणि चेहरा?
"टॉर्च मारली असती तर दिसला असता."
खूप वेळ पंख्याचाच आवाज.
"काय म्हणाला ते ऐकू आलं. तण्णी."
तेव्हा अर्थ कळला होता?
"कळला होता. बाटलीपण होती कमरेला.
पुढे सरकायचा हुकूम होता."
मग स्वतःच बोट लांब करून
त्यांनी रेकॉर्डरचं बटण दाबलं.

बिनचेहऱ्याचा माणूस पडद्यावर चालायचा नाही, निर्माते म्हणाले.
म्हणून मी त्याला सेल्वाचा दिला.
सेल्वा खालच्या लॅबचा, टिळक नगरला राहणारा,
सकाळी घरोघर नमुने गोळा करत हिंडतो,
खांद्याला निळी बर्फपेटी, डाव्या भुवईत खाच.
त्याला विचारलं नाही.
विचारायचं असतं, हे मागाहून सुचलं.

बावीस सेकंद झाल्यावर रेवाळ्यांना दाखवलं.
"परत लावा."
पाचदा लावलं.
"असाच होता."
पण तुम्हाला दिसला नव्हता ना?
"आता दिसला."

तेव्हापासून झोपेत माझी रेघ येते म्हणतात,
पेन्सिलीची, थरथरती.
थरथर मी मुद्दाम ठेवलेली,
शैली म्हणून.
शेवटच्या रेकॉर्डिंगला तर ते स्वतःच म्हणाले,
"माडाखाली बसला होता."
मी दुरुस्त केलं नाही.

परवा त्यांना सोडायला जिना उतरत होते.
खालून सेल्वा वर येत होता, पेटी घेऊन, शीळ घालत.
रेवाळ्यांनी कठडा धरला.
भिंतीला पाठ लावून वाट दिली,
पण वाट मोकळी असून पोरगं थांबलं.
"काका, काय होतंय?"

तोंडून एकच शब्द आला त्यांच्या.

आपल्या आईची भाषा म्हाताऱ्याला कुठून येते
हे विचारायच्या आत
सेल्वाने पेटी पायरीवर टेकवली
आणि लॅबमध्ये पळाला.
तेवढा वेळ, कुणाकुणाच्या रक्ताच्या त्या पेटीपाशी
हवालदार उभे, टाचा जुळवून.

स्टीलचा पेला आला, काठोकाठ, हिंदकळत.
त्यांनी दोन्ही हातांनी घेतला
आणि परत त्याच्याचपुढे धरला.
"आधी तू."

सेल्वाने माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली, की हलवली नाही, आठवत नाही.
तहान नसताना तो दोन घोट प्यायला.

घोट गळ्यातून उतरायला किती चित्रं लागतील
ते मी मोजत होते, सवयीने.
चारपर्यंत मोजलं.
मग खाली पेटीकडे बघत राहिले.