बोलावणं

मे महिन्याची दुपार, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या,
आणि दारात रजिस्टर पत्र:
श्रीमती मंदाकिनी डोरलीकर, त्रिमूर्तीनगर,
आपले रोखे कंपनी मुदतीपूर्वी
परत बोलावत आहे.

बोलावत आहे.
आमच्या वयात हा शब्द
पाकिटातून येत नाही सहसा.

उमाठेला फोन केला. रामदासपेठेतून स्कूटरवर आला,
दुपट्ट्यानं मान पुसत म्हणाला,
"काही बुडालं नाही जी मॅडम.
मुद्दल पूर्ण, आजवरचं व्याज पूर्ण.
पाच वर्षांनी परत करायचा हक्क त्यांचा होता.
पान अकरावर आहे."

पान अकरा मी वाचलं नव्हतं.
मेयोच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं
लोकांच्या रक्तातलं बारीक बारीक वाचलं.

करार दहा वर्षांचा, साडेनऊ टक्क्यांचा.
बाजार आता सातावर उतरलेला;
कोण देत बसेल साडेनऊ?
सातानं नवं कर्ज काढायचं,
त्यातून माझं जुनं फेडायचं, झालं.
आणि दर अकरावर चढले असते, तर
याच कंपनीनं मला दहाच्या दहा वर्षं
साडेनऊवर बसवून ठेवलं असतं,
पाणीसुद्धा न विचारता.
दार दोघांचं, कडी त्यांच्या बाजूला.
इतरांपेक्षा अर्धा टक्का जास्त मिळायचा मला,
तो त्या कडीचा मोबदला.
मी शेजारणीला सांगत सुटले होते, नशीब काढलं म्हणून.

उमाठे कालची सांबारवडी खात होता.
मी मनातल्या मनात कंपनीचं सात पिढ्यांचं काढत होते,
तेवढ्यात धरमपेठेतली बँक आठवली.

घराचं कर्ज. पावणेअकरा टक्के.
दुसरी बँक आठ म्हणाली,
आणि एका शनिवारी मी चेक नेऊन
मॅनेजर कावळ्यांच्या टेबलावर ठेवला.
"बाई, इतक्या वर्षांचा संबंध आपला..."
मी म्हटलं, पावती द्या.
बाहेर येऊन गोकुळपेठ बाजारात
डझनभर आंबे घेतले,
भाव न करता.

वडी संपली. उमाठेनं हात पुसून
नवा फॉर्म पुढं सरकवला: सात पूर्णांक दहा.
मी कपाटातून लॅबचं जुनं भिंग काढलं.
"पान अकरा दाखव."
तो जरा थांबला.
"मॅडम, ह्याच्यात ते
पान नऊवर आहे."